छोट्या संग्रहालयातली उमेदवारी

पत्राचा सारांश

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातून २२ वर्षांची एक वाचक लिहिते: यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाले. प्राथमिक शाळा मराठीतून, पुढचं शिक्षण इंग्रजीतून. वाचते-लिहिते बरं, पण चारचौघांत इंग्रजी बोलायचं म्हटलं की जीभ अडते. तिसवाडीतल्या एका छोट्या कला संग्रहालयात १ जुलैपासून तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे. तिथे एक क्युरेटर मॅडम, ऑफिसात एक जण आणि दोन पहारेकरी, एवढीच माणसं. मानधन बसभाडं आणि दुपारचं खाणं सुटेल इतकंच. पहिला महिना नुसतं नोंदवहीचं काम असेल, असं मॅडमनी आधीच सांगितलं. त्याच वेळी बाबांनी ओळखीतून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ऑफिसातली नोकरी बघून ठेवली आहे. बाबा सुतार आहेत, देवळांची आणि घरांची कामं करतात. ते म्हणतात, "धूळ पुसायला आणि यादी करायला पदवी कशाला हवी?" एक मैत्रीण मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात इंटर्न आहे. तिचे फोटो बघितले की आपलं ठिकाण किरकोळ वाटतं. मुलाखतीच्या दिवशी मॅडमनी एक जुनं तैलचित्र उतरवून त्याची मागची बाजू दाखवली. तिथे एक फाटकी चिठ्ठी होती, फ्रेमवाल्याचा शिक्का होता, पेन्सिलीनं लिहिलेला आकडा होता. मला तिथून हलावंसं वाटेना. जाऊ का? तीन महिने फुकट तर जाणार नाहीत? आणि गेलेच, तर काय केलं म्हणजे हाती काही लागेल?

उत्तर

तुझ्या पत्रातला बराचसा मजकूर इतरांच्या म्हणण्याचा आहे. बाबा काय म्हणतात, मैत्रीण कुठे आहे, गावातली माणसं काय विचारतील. तुझं स्वतःचं म्हणणं त्या चित्राच्या पाठीपाशी आलं आहे, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. चित्र समोरून बघणारे पुष्कळ असतात. त्याची पाठ बघून जिचे पाय थबकले, तिनं हे काम निदान एकदा करून बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जा. मात्र जाण्याआधी काही गोष्टी तपासून घे, आणि मनातले दोन-तीन समजही तपासून घे.

पहिला समज 'छोटं' या गोष्टीचा. मोठ्या संग्रहालयात विभाग असतात. नोंदणी एकीकडे, जतन दुसरीकडे, प्रदर्शनाची मांडणी तिसरीकडे, शाळांचे उपक्रम चौथीकडे. इंटर्न एका विभागात बसते आणि त्या विभागाचं काम खोलात शिकते. तुझ्या मैत्रिणीचं काही चुकलेलं नाही, तिला तिथे शिस्त शिकायला मिळेल. छोट्या ठिकाणी मात्र एकच बाई सकाळी दालनातली दमट हवा मोजते, अकरा वाजता शाळेच्या मुलांना फिरवते, दुपारी विम्याचे कागद भरते आणि संध्याकाळी देणगीदाराला आभाराचं पत्र लिहिते. तू त्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहेस. एखादं चित्र दारातून आत आल्यापासून भिंतीवर लागेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते सगळं तुला तीन महिन्यांत एकाच छताखाली दिसेल. मोठ्या ठिकाणी ते दिसायला वर्षं जातात.

आणि छोटं म्हणजे कमी प्रतीचं, हे आपल्या भागातला इतिहास तरी सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या लहान गावात तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं, आणि रविवर्म्याची चित्रं बघायला लोक आजही त्या गावात जातात. आपल्याकडे राशोलच्या सेमिनरीत १९९४ मध्ये सुरू झालेलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय २००२ साली जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात आलं. आकारानं ते काही अवाढव्य नाही. पण तिथल्या हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या मूर्ती बघ. विषय ख्रिस्ती, आणि छिन्नी इथल्या कारागिरांच्या हातातली. पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा सुबोध केरकर या चित्रकारानं २०१५ साली सुरू केलं. बाणावलीचं 'गोवा चित्र' हे संग्रहालय जुन्या शेतीच्या आणि घरगुती अवजारांनी भरलेलं आहे. १ जुलैच्या आधी यातली दोन-तीन ठिकाणं बघून ये. वस्तू तर बघच, पण प्रकाश कुठून येतो, पाटी किती उंचीवर लावली आहे, ती वाचायला लोक थांबतात की पुढे जातात, हेही बघ.

आता नोंदवही. तुझ्या बाबांचा आणि बहुधा तुझाही असा समज आहे की नोंदवही म्हणजे कारकुनी, आणि खरं काम त्यानंतर सुरू होणार. मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. ही नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद असलेलं ॲक्सेशन रजिस्टर, हा संग्रहालयाचा कणा आहे. चित्र कुणाकडून आलं, कधी आलं, देणगी म्हणून की विकत की तात्पुरतं उसनं, कशावर आणि कशानं रंगवलं आहे, माप काय, आलं तेव्हा कुठे तडा होता, आता कुठल्या खोलीत कुठल्या खणात आहे, हे सगळं तिथे असतं. उद्या चोरी झाली तर पोलीस फोटो आणि माप मागतात. देणगीदाराचे नातू दारात उभे राहिले आणि "आजोबांनी चित्र फक्त ठेवायला दिलं होतं" म्हणाले, तर त्या वहीतली ओळ आणि सोबतचं पत्र एवढाच आधार असतो. दुसऱ्या संग्रहालयाला चित्र प्रदर्शनासाठी द्यायचं, तर ते जाताना कसं होतं आणि येताना कसं आलं, हेही तिथूनच ठरतं.

छोट्या संग्रहालयांची दुखरी जागाही बहुतेक वेळा हीच असते. संस्थापकाच्या डोक्यात सगळं असतं आणि वहीत निम्मं. एकाच चित्रावर दोन क्रमांक, एका क्रमांकाची दोन चित्रं, 'निसर्गचित्र, मध्यम आकार' अशी एका ओळीची नोंद. ही गाठ सोडवताना तुला चित्र उलटून बघावं लागेल, चिठ्ठी वाचावी लागेल, फ्रेमवाल्याच्या शिक्क्यावरून तो कुठल्या गावचा ते शोधावं लागेल, जुनी पत्रं चाळावी लागतील. तू इतिहास शिकलीस. कागदावरून माणसापर्यंत पोचायचं हेच शिक्षण तू घेतलं आहेस, फक्त आता कागदाच्या जोडीला वस्तू आली. मॅडमनी पहिला महिना तुला या कामाला बसवायचं ठरवलं, याचा अर्थ त्या तुला संग्रहाच्या अगदी आत घेत आहेत.

जाण्याआधी काही सवयी अंगी लावून घे. वस्तूंच्या आसपास शाईचं पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. चित्राचं माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर, आणि फ्रेमसह की फ्रेमविना ते स्पष्ट लिहायचं. फ्रेम वरच्या पट्टीला किंवा मागच्या दोरीला धरून उचलायची नाही. एक हात खाली, एक हात बाजूला, आणि निघण्याआधी ते कुठे टेकवायचं ती जागा मोकळी आहे का, हे बघून घ्यायचं. रंगावर ओलं फडकं कधीच नाही. धूळ पुसणं हे पदवीशिवायचं काम वाटतं खरं, पण सुटत आलेल्या रंगावरून चुकीचा हात फिरला तर चित्राचा तेवढा भाग कायमचा गेला. कुठली धूळ काढायची, कशानं काढायची आणि कुठल्या धुळीला हात न लावता जतन करणाऱ्या तज्ज्ञाला बोलवायचं, हे कळायला शिक्षण लागतं. बाबांना हे सांग. सुताराला ते पटकन कळेल.

तू पावसाळ्यात रुजू होते आहेस, हे तर फारच चांगलं. गोव्यातल्या संग्रहालयाची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच असते. आपल्याकडे त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि ती सतत ६५-७० च्या वर राहिली की कागदावर, कापडावर, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरू लागते. जुन्या इमारतींच्या चिऱ्याच्या भिंती ओल शोषून घेतात. कागदाला कसर लागते, चौकटीला वाळवी. दिवसा वातानुकूलन चालू, रात्री बंद, मध्येच वीज गेली, अशी चढउतार सारखी होत राहिली की कॅनव्हास कधी ताणतो, कधी सैल पडतो, आणि वरचा रंग तडकू लागतो. भिंतीला चिकटून टांगलेलं चित्र आणि मागे थोडी फट ठेवून टांगलेलं चित्र यात पावसाळा संपेपर्यंत किती फरक पडतो, ते तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. रोज ठरलेल्या वेळी आर्द्रतामापकाचा आकडा लिहून ठेवायचं काम तू होऊन मागून घे. तीन महिन्यांची अशी सलग नोंद छोट्या संग्रहालयाकडे क्वचितच असते. पुढे यंत्रासाठी अनुदान मागायचं झालं, तर ती नोंद त्यांच्या हाताशी असेल.

उजेडाचंही तसंच आहे. कागदावरची आणि जलरंगातली चित्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात ठेवतात, तैलचित्रं सुमारे २०० पर्यंत. उडालेला रंग परत येत नाही. दालन अंधारं आहे अशी तक्रार करणारे पाहुणे तुला रोज भेटतील. त्यांना हे कारण समजावून सांगता येणं, हाही कामाचाच भाग.

आता इंग्रजीची भीती. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोव्यातल्या कलाजगतात इंग्रजीचा वावर खूप आहे, जुन्या कागदांत पोर्तुगीज आहे, आणि पाहुणे जगभरातून येतात. त्यासाठी थोडी तयारी कर. दालनातली तीनच चित्रं निवड, त्यांच्याबद्दल पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं लिहून काढ, मोठ्यानं म्हण, आणि मॅडमना ऐकवून दुरुस्त करून घे. महिन्याभरात तीनाची सहा होतील. एवढ्यानं काम भागतं. पण मराठीमुळे आपण इथे कमी पडू, हा जो समज तुझ्या पत्रात ओळीओळीला डोकावतो, तो मला मान्य नाही. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) मराठीतही लिहीत आणि पोर्तुगीजमध्येही, आणि गोव्याचं ऐतिहासिक अभिलेखागार त्यांनी सांभाळलं. दोन्हीकडचे कागद वाचता आले, म्हणून त्यांना मराठे आणि पोर्तुगीज यांच्या व्यवहाराचा इतिहास उलगडता आला.

तुझ्या संग्रहालयात रविवारी कोण येतं ते बघ. सिंधुदुर्गातून, कोल्हापुरातून, बेळगावातून आलेली कुटुंबं असतात. डिचोली-सत्तरीच्या शाळांच्या सहली असतात. ही माणसं इंग्रजी पाटीपुढे क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. चित्र त्यांना आवडलेलं असतं, पण कुणी त्यांच्याशी बोललेलं नसतं. चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी येशूच्या आईला, मरियेला साडी नेसवून इथल्या बाईसारखं रंगवलं. गोव्यात त्या काळी पुष्कळांना ते रुचलं नाही, आणि त्यांचं बरंचसं आयुष्य पुण्यात गेलं. त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहेत. अशा चित्रासमोर उभ्या राहिलेल्या फोंड्याच्या आजीला काय सांगावं आणि काय विचारावं, हे तुला जितकं सुचेल तितकं बाहेरून शिकून आलेल्या माणसाला सुचणार नाही. सांग्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवणारे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) घे. पणजीत फोंतेन्यसला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे त्यांची चित्रं आहेत. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै घे, जे पुढे पणजीतल्या आल्तिनोच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या माणसांबद्दल सोप्या, नेमक्या मराठीत लिहिलेला मजकूर वाढायला हवा. तो लिहिणारी एक तू का नसावीस?

हे सगळं म्हटल्यावरही पैशाचा प्रश्न उरतोच, आणि त्यावर मी हात झटकणार नाही. उमेदवारांना "शिकायला मिळतंय ना" म्हणत वर्षभर अल्प मानधनावर राबवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं समर्थन मला करता येत नाही. तुला सांगितलेली मुदत तीन महिने आहे. ती तीन महिनेच राहू दे. ३० सप्टेंबरनंतर "अजून थोडे दिवस थांब" म्हणाले, तर कामाचं स्वरूप आणि पगार ठरवूनच थांब, नाहीतर नम्रपणे निघ. बाबांची काळजी रास्त आहे. त्यांना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हातात पडणाऱ्या पगाराची किंमत माहीत आहे, आणि तो नसताना काय होतं तेही माहीत असणार. त्यांना कलेचं महत्त्व पटवत बसू नकोस. त्यांना मुदत सांग, आणि मुदत संपल्यावर काय करणार तेही सांग. कुंडईच्या कंपनीला एकदा सरळ विचार, ऑक्टोबरपासून रुजू झाले तर चालेल का? नाही म्हणाले तर नाही. पण न विचारताच ती वाट बंद झाली असं धरून चालू नकोस. त्या नोकरीला कमी लेखूही नकोस. तिथे शिकलेलं संगणकाचं आणि हिशेबाचं काम छोट्या संग्रहालयात सोन्यासारखं उपयोगी पडतं.

बाबांना एकदा संग्रहालयात घेऊन जा. आधी मॅडमना विचार, आणि गर्दी नसेल अशी वेळ निवड. तुझे बाबा लाकूड ओळखतात. चौकट सागाची की फणसाची, वाळवी जुनी की चालू, सांधा मूळचा की नंतर कुणी ठोकलेला, हे त्यांना हात लावण्याआधी कळेल. हे ज्ञान संग्रहालयाला हवं असतं आणि फार थोड्या माणसांकडे असतं. त्यांच्या म्हणण्यातलं तुला जे पटेल, पडताळता येईल, ते चित्राच्या स्थितीच्या नोंदीत जाऊ शकतं. आणि हातात पटाशी येण्याआधी त्यांनीही कुणाच्या तरी हाताखाली भुसा झाडला असेल, फळ्या मोजल्या असतील. उमेदवारी म्हणजे काय, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

होकार कळवताना एक साधी ईमेल पाठव आणि तिच्यात चार गोष्टी लेखी विचारून घे. कामाच्या तारखा आणि वेळा काय, मानधन किती आणि कधी मिळणार, माझं काम कोण बघणार, आणि शेवटी कामाच्या तपशिलासह प्रमाणपत्र मिळेल का. "इंटर्न म्हणून काम केले" एवढं एका ओळीचं प्रमाणपत्र पुढे फारसं उपयोगी पडत नाही. किती वस्तूंची नोंद केली, काय लिहिलं, काय मांडलं, ते त्यात यायला हवं. तू लिहिलेल्या मजकुराखाली तुझं नाव येईल का, हेही आत्ताच विचार. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही, छोट्या संस्थेला उलट बरं वाटतं. सात-साडेसातनंतर परतीची बस मिळते का ते बघ, आणि कार्यक्रमाच्या दिवशी उशीर झाला तर घरी कसं पोचायचं ते आधी ठरव. एक गोष्ट मुलींसाठी मुद्दाम सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू होतो, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तुला त्याची गरज न पडो, पण माहीत असू दे.

आता तुझा शेवटचा प्रश्न, हाती काय लागेल. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर ठरतं: तीन महिन्यांत पूर्ण केलेलं, तुझ्या नावाचं एक काम असलं पाहिजे. छोट्या ठिकाणी रोज पन्नास किरकोळ कामं येतात. झेरॉक्स, फोन, खुर्च्या लावणं, पाहुण्यांचा चहा. ती सगळ्यांनी करायची असतात, मॅडमही करत असतील. पण त्यातच दिवस गेले तर सप्टेंबरअखेर तुला काय दाखवता येणार? म्हणून पहिले दोन आठवडे फक्त बघ, ऐक, विचार. तिसऱ्या आठवड्यात मॅडमसमोर अर्ध्या पानाचा एक प्रस्ताव ठेव, आणि त्यांना खरोखर कशाची गरज आहे ते विचारून तो बदलून घे. दहा वस्तूंच्या मराठी आणि कोकणी पाट्या, प्रत्येकी साठ-सत्तर शब्दांच्या. किंवा संग्रहातल्या एका कपाटाची पूर्ण तपासलेली, फोटोंसह नोंद. किंवा चौथी-पाचवीच्या मुलांसाठी चाळीस मिनिटांची फेरी, ज्यात मुलं कागदावर काहीतरी काढतात. किंवा आपल्या देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर काव, म्हणजे तांबड्या मातीचा रंग, वापरून काढलेल्या कावी चित्रांचे फोटो जमवून एक छोटा फलक. रंगरंगोटीत ती चित्रं झाकली जात आहेत, आणि ज्यांनी ती जुन्या रूपात पाहिली ती माणसं तुझ्या गावात अजून आहेत. मला विचारशील तर मी पाट्या निवडीन. काम लहान आहे, भिंतीवर लागतं, आणि ते वाचताना लोक थांबतात की नाही ते तुला स्वतः उभं राहून बघता येतं.

नोंदी संगणकावर चढवायचं काम असेल तर तेही शिकून घे. आपल्या सरकारी राष्ट्रीय संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'जतन' नावाची प्रणाली तयार केली आहे. तुझ्या ठिकाणी साधं एक्सेल असलं तरी बिघडत नाही. रकाने नीट पाडायला आणि एकाच प्रकारची गोष्ट प्रत्येक वेळी एकाच पद्धतीनं लिहायला जमलं, की कुठलीही प्रणाली पुढे अवघड जात नाही.

पहारेकऱ्यांशी ओळख कर. कुठल्या चित्रासमोर लोक रेंगाळतात, पावसात पाणी कुठून येतं, गेल्या वर्षी कुठली खिडकी निखळली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. फोटो मात्र विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस, मागच्या खोलीतले तर नाहीच. गोदामात काय आहे आणि कुठे आहे, ही सुरक्षेची गोष्ट आहे. मैत्रिणीच्या फोटोंची बरोबरी करायचा मोह होईल, तो आवर.

मुदत संपल्यावर वाटा आहेत. हे काम आवडलं असं पक्कं वाटलं, तर संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम बघ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तुझं पूर्ण केलेलं काम प्रवेशाच्या मुलाखतीत तुझ्या बाजूनं बोलेल. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून. तिथे प्रदर्शनं उभी करायला पुष्कळ माणसं लागतात. आणि समजा तीन महिन्यांनी कळलं की हे आपलं क्षेत्र नाही, तर २२ व्या वर्षी ते कळणं स्वस्तात पडलं असं समज, आणि कुंडईला किंवा आणखी कुठे जायचं तिथे मोकळ्या मनानं जा.

तुझ्यासारखंच विचारणाऱ्या इतर वाचकांना एक सांगायचं आहे. घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर अशी इंटर्नशिप नाकारण्यात कमीपणा नाही. नोकरी घ्या आणि जवळच्या संग्रहालयाला शनिवारचे चार तास देऊ करा. छोट्या संस्था अशा माणसाला बहुधा नाही म्हणत नाहीत. आठवड्यातून तीनच दिवस यायचं आणि मुदत दुप्पट करायची, हेही विचारून बघता येतं.

तुझ्या बाबतीत आणखी एकच अडचण मला दिसते, ती चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. तुझी मुदत चवथीवरूनच जाते, आणि त्या दिवसांत फोंड्यातली मुलगी माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायला घरी नसेल तर घरचे ऐकणार नाहीत. सुट्टीच्या तारखा पहिल्याच आठवड्यात सांगून ठेव आणि तुझं मुख्य काम त्याआधी निम्म्यावर आणून ठेव, कारण चवथीनंतर हाताशी फार थोडे दिवस उरतात. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही हातात घेऊ नकोस. तुझ्यामागून येणाऱ्या उमेदवारासाठी दोन पानांचं टिपण लिही: काय झालं, काय राहिलं, कुठल्या फाईलमध्ये काय आहे, कुणाला फोन करायचा. अर्धी राहिलेली नोंद कुठल्या पानावर आहे, ते त्यात सगळ्यात वर लिही.